नळी नाही, भिंग नाही, तरी दुर्बीणच

मागच्या महिन्यात भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, ती सातवीत आहे. तिने फर्मी नावाची गॅमा किरणांची अंतराळ दुर्बीण बनवली होती, म्हणजे बुटाचा खोका, त्याच्यावर पोळ्या गुंडाळायचं चंदेरी फॉइल आणि दोन्ही बाजूंना निळ्या कार्डशीटचे पंख. परीक्षक आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "यात दुर्बीण कुठाय? नळी नाही, भिंग नाही, हा तर डबा झाला." संध्याकाळी पोरगी माझ्याकडे आली, डोळे लाल. "मामा, मी फोटो बघूनच केलं होतं हो. खरी तशीच दिसते ना?"

तशीच दिसते. अगदी तशीच. म्हणून हे लिहायला बसलो.

साध्या दुर्बिणीत भिंग किंवा आरसा प्रकाशाला वळवून एका जागी आणतो. गॅमा किरण हासुद्धा प्रकाशच, पण डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्टचा (हे ऊर्जा मोजायचं छोटं एकक) असतो आणि फर्मीवरचं मुख्य यंत्र पकडतं ते फोटॉन २ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपासून ३०,००० कोटींच्याही पुढचे. एवढ्या ताकदीच्या फोटॉनची तरंगलांबी अणूपेक्षा कितीतरी लहान, त्यामुळे त्याच्यासाठी आरशाचा गुळगुळीत पृष्ठभाग म्हणजे नुसती मोकळी जागा, मध्ये कुठेतरी एखादं अणुकेंद्र. तो आरशावरून परावर्तित होत नाही, भिंगातून वळत नाही, एकतर आरपार जातो नाहीतर कशाला तरी धडकून संपतो. मग नळी ठेवून करायचं काय? आणि आपलं वातावरण हे किरण वरच अडवतं, म्हणून दुर्बीण न्यायची ती अंतराळात.

फर्मी ११ जून २००८ ला केप कॅनाव्हरलहून डेल्टा २ रॉकेटने गेली. तेव्हा तिचं नाव ग्लास्ट होतं, ऑगस्टमध्ये एन्रिको फर्मी या शास्त्रज्ञाचं नाव दिलं. वजन चार टनांच्या वर. वरचा चौकोनी डबा म्हणजे लॅट, लार्ज एरिया टेलिस्कोप, १.८ मीटर बाय १.८ मीटर आणि उंची फक्त ७२ सेंटिमीटर. म्हणजे दिवाणापेक्षा थोडा उंच आणि चौरस. हा बुटकेपणा मुद्दाम ठेवलाय, कारण उंच नळकांडं केलं असतं तर फक्त समोरचं दिसलं असतं, बसका ठेवल्यामुळे तिरके येणारे किरणही थरांमधून जातात आणि एकाच वेळी आकाशाचा जवळजवळ पाचवा भाग नजरेत येतो.

आता डब्याच्या आत. मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट ही, त्यामुळे इथे जरा थांबणार आहे.

आत चार बाय चार असे १६ मनोरे उभे आहेत. प्रत्येकात टंगस्टनचे पातळ पत्रे, तोच धातू जो जुन्या पिवळ्या बल्बच्या तारेत असायचा. टंगस्टनच का, तर त्याच्या अणुकेंद्रात ७४ प्रोटॉन, म्हणजे केंद्राभोवतीचं विद्युतक्षेत्र जबरदस्त. गॅमा फोटॉन अशा केंद्राच्या अगदी जवळून गेला की तो स्वतः नाहीसा होतो आणि त्याच्या ऊर्जेतून दोन कण जन्मतात, एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचाच धन भाराचा जुळा. आइन्स्टाईनचं ऊर्जा आणि वस्तुमानाचं समीकरण शाळेत पाठ केलेलं असतं ना, ते इथे प्रत्यक्ष घडतं! दोघांचं वस्तुमान तयार व्हायला किमान १० लाख २२ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, उरलेली ऊर्जा त्यांना वेग देते. आणि अणुकेंद्र जवळ लागतंच, कारण मोकळ्या जागेत एकट्या फोटॉनचे असे दोन कण झाले तर संवेगाचा हिशोब जुळत नाही, थोडा धक्का केंद्राला खावा लागतो.

आता फोटॉन गेला, पण त्याची ही दोन पोरं बापाच्याच दिशेने पुढे पळतात, मध्ये थोडी फाकतात, उलट्या व्ही अक्षरासारखी. ही दोघं विद्युतभारित, म्हणजे माग सोडणारी. तो माग टिपायला पत्र्यांच्या खाली सिलिकॉनचे थर आहेत आणि इथे सोलापूरकराला वेगळं समजवावं लागत नाही. आमच्या पूर्व भागात यंत्रमागावर चादर बघितली असेल तर ताणा उभा ताणलेला असतो, त्यातून धोटा आडवा बाणा टाकतो आणि नक्षीचा प्रत्येक टिपका म्हणजे एक उभा धागा आणि एक आडवा धागा यांची गाठ. लॅटमध्ये धाग्यांऐवजी सिलिकॉनच्या पट्ट्या, शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये ०.२२८ मिलिमीटर अंतर, एका थरात उभ्या आणि लगतच्या थरात आडव्या. कण गेला की एक उभी पट्टी बोलते, एक आडवी बोलते, टिपका मिळाला. मग खालच्या थरात पुढचा टिपका, त्याच्या खाली पुढचा. एका थरात १,५३६ पट्ट्या, एका मनोऱ्यात ३६ थर, मनोरे १६, गुणाकार करा, ८,८४,७३६ पट्ट्या! टिपके जोडून रेघ मागे ओढली की फोटॉन आकाशात कुठून आला ते कळतं.

यात एक अडचण आहे. पत्रा जितका जाड तितके जास्त फोटॉन पकडले जातात, पण जन्मलेले कण त्याच जाड पत्र्यातून बाहेर पडताना इतर केंद्रांना चाटून जातात, प्रत्येक वेळी थोडे वळतात आणि असं शंभर वेळा झालं की मूळ दिशा पुसट होते, कमी ऊर्जेच्या कणांची तर फारच. पातळ ठेवला तर दिशा स्वच्छ पण शिकार कमी. यावर तोडगा असा काढला की वरचे १२ पत्रे पातळ, जेमतेम ०.१ मिलिमीटर, आणि खालचे ४ बरेच जाड. वरचे बारीक नजरेसाठी, खालचे जास्त ऊर्जेचे दुर्मिळ फोटॉन सुटू नयेत म्हणून. आधीच्या पिढीच्या एग्रेट या दुर्बिणीत वायू भरलेली पेटी होती, वायू हळूहळू खराब व्हायचा. सिलिकॉनला असं काही भरावं लागत नाही. आणि हे सगळं लॅट साधारण ६५० वॅटवर चालतं, घरातला मिक्सर ७५० चा असतो.

मनोऱ्यांच्या तळाशी सीझियम आयोडाइडच्या फूटभर लांबीच्या कांड्या, एकूण १,५३६. कण त्यांच्यात जिरतात, प्रकाश पडतो, त्यावरून ऊर्जा कळते.

बाहेरून डब्याला प्लास्टिकच्या ८९ फरशा लावलेल्या आहेत. अंतराळात एका गॅमा फोटॉनमागे ढोबळमानाने लाखभर विद्युतभारित वैश्विक कण येऊन आदळतात. ते फरशीतून जाताना फरशी चमकते, गॅमा जाताना चमकत नाही, म्हणजे चमकली की तो पाहुणा बाद. एग्रेटमध्ये हे आवरण अखंड होतं, त्यामुळे मोठ्या ऊर्जेच्या गॅमाचे तुकडे आतून उलटे उडून आवरणाला लागायचे आणि खरा गॅमाच बाद व्हायचा. आवरणाच्या वेगवेगळ्या फरशा केल्यामुळे आता फक्त त्याच्या वाटेवरची फरशी तपासायची.

वैश्विक कणांचा विषय निघालाय तर तो व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज, "आज रात्री साडेबारा ते साडेतीन मंगळावरून कॉस्मिक किरण येणार, मोबाईल बंद ठेवा". आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो परत आला आणि दोन घरांनी खरंच फोन बंद ठेवले. अहो, वैश्विक कणांमुळे वातावरणात तयार झालेले म्युऑन नावाचे कण तुमच्या उघड्या तळहातातून आत्ता, वाचताना, सेकंदाला एखाद-दोन जातायत, मंगळाचा त्यात काही संबंध नाही आणि फोन बंद करून काही फरक पडत नाही. रात्री कुणाच्या घरी आजारी माणूस असेल तर फोन बंद ठेवणं उलट धोक्याचं.

लॅटच्या खाली बाजूंना गोल डबीसारखी छोटी यंत्रं दिसतात, हा आकाशातले गॅमा किरणांचे स्फोट टिपणारा जीबीएम, गॅमा-रे बर्स्ट मॉनिटर. १२ सोडियम आयोडाइडची, २ बिस्मथ जर्मेनेटची. यातलं एकही दिशा दाखवत नाही, पण मे महिन्यात घरातल्या कुठल्या भिंतीला हात लावून चटका जास्त बसतो यावरून ऊन कुठून येतंय ते कळतं ना, तसं कुठल्या डबीत गणती जास्त त्यावरून दिशा काढतात. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी आल्या आणि १.७ सेकंदांनी याच डब्यांनी गॅमाचा लखलखाट पकडला, १३ कोटी प्रकाशवर्षांवरून.

फर्मीची कक्षा विषुववृत्ताशी २५.६ अंशांनी कललेली आहे, सोलापूर साडेसतरा अंशांच्या आसपास, म्हणजे ती आपल्या डोक्यावरूनही जाते. दीड तासाला एक फेरी, २०१८ पर्यंत दोन फेऱ्यांत सगळं आकाश बघून व्हायचं.

भाचीने आता मॉडेल दुरुस्त केलंय. आत जुन्या चादरीचे चौकोनी तुकडे थर करून लावलेत, फॉइलखाली जाड प्लास्टिकच्या फरशा मोजून ८९. पंख तिने टाचणीवर फिरणारे केले होते. तिला सांगितलं की खऱ्या फर्मीच्या एका पंखाची, म्हणजे सौरपॅनेलची, फिरवणारी मोटर मार्च २०१८ मध्ये अडकली, मग शास्त्रज्ञांनी आकाश बघायची पद्धतच बदलली आणि काम चालू ठेवलं. तिने फेव्हिकॉल आणला आणि डावीकडचा पंख पक्का चिकटवून टाकला.