स्पेक्ट्रमला ‘म’ का वाचता येत नाही

झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरवर, बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेतून, २२४, १६४, १७४ हे तीन बाइट एकामागे एक छापून बघा, एम्युलेटरवर (म्हणजे त्याची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) सुद्धा चालेल. हे तीन बाइट म्हणजे यूटीएफ-८ मधला, म्हणजे आज अक्षरं बाइटांत साठवायची जी पद्धत सगळीकडे चालते तिच्यातला, आपला ‘म’. स्क्रीनवर येतं काय तर ‘एलप्रिंट’, मग इंग्रजी ‘यू’ आणि मग ‘व्हॅल डॉलर’. पहिल्यांदा बघितलं की हसूच येतं, पण मशीनचं काही चुकलेलं नसतं, त्याला शिकवलंय तेच ते बोलतंय.

स्पेक्ट्रम आलं एप्रिल १९८२ मध्ये, इंग्लंडात. त्याच्या १६ केबी रॉममध्ये, म्हणजे कायमच्या मेमरीत, अक्षरांसाठी जागा किती, तर ७६८ बाइट. ९६ अक्षरं, प्रत्येकी ८ बाइट, संपलं. आस्की या इंग्रजी अक्षरांच्या ठरलेल्या नंबरयादीतलं ९६ नंबरचं घर पाउंडच्या चिन्हाला दिलं, १२७ कॉपीराइटला, म्हणजे इंग्रजांनी स्वतःच्या सोयीपुरतं बघितलं (दोष तरी काय द्यायचा, तेव्हा एकेक बाइट मोजून वापरायचे). १२८ च्या वर आधी ठोकळ्यांची चित्रं, मग १४४ ते १६४ ही २१ घरं तुम्हाला स्वतः काढायच्या अक्षरांसाठी, आणि १६५ पासून २५५ पर्यंत थेट बेसिकचे शब्द, प्रिंट, गोटू वगैरे. एक बाइट म्हणजे एक अख्खा शब्द, मेमरी वाचवायची तर हा फारच हुशार उपाय, पण त्यामुळे दुसऱ्या कुठल्या लिपीला उभं राहायला जागाच उरली नाही.

मग लोकांनी पळवाट काढली. मेमरीत २३६०६ या पत्त्यावर एक पॉइंटर असतो, अक्षरांची चित्रं कुठून उचलायची ते तो सांगतो, तो हलवून आपल्या फॉन्टकडे वळवला की काम झालं. रशियात स्पेक्ट्रमचे ढिगाने क्लोन निघाले आणि तिथे रशियनच्या सिरिलिक लिपीसाठी ही युक्ती चांगलीच चालली, ‘ए’च्या कोडवर दुसरंच चित्र बसवायचं. पण आत कोड ‘ए’चाच राहतो. फाइल दुसऱ्याच्या मशीनवर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला की सगळी गिचमिड.

हे वाचताना आपल्याकडच्या कुणाला डीटीपीचे दिवस आठवले नाहीत तरच नवल. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण हेच केलं, कोड इंग्रजीचे आणि चेहरा देवनागरीचा, एका फॉन्टातली बातमी दुसऱ्या फॉन्टात उघडली की भुताची भाषा. माझ्या मते ते मराठीकरण नव्हतंच, मुखवटा होता.

गंमत म्हणजे स्पेक्ट्रम आणि देवनागरीचं खरं काम, दोन्ही गोष्टी पुण्यात होत्या. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी ऐंशीच्या दशकात परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकायची, आणि १९८८ मध्ये पुण्यातच सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली, तिथे आयआयटी कानपूरमधून आलेलं जिस्ट हे भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं तंत्रज्ञान वाढलं. जिस्ट कार्ड पीसीत खोचायचं आणि जोडाक्षरं लावायची कटकट ते कार्डच करायचं, त्यामुळे विंडोजच्या आधीच्या डॉसमधल्या डीबेससारख्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी यायची. त्यामागे इस्की हा भारतीय लिप्यांचा कोड होता, १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला, आणि युनिकोडनं, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीनं, देवनागरीची मांडणी घेतली ती इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून. कोड अक्षराला द्यायचा, आकाराला नाही, हा विचार दोन्हीकडे आहे.

यूटीएफ-८ आलं १९९२ मध्ये, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये टेबलावरच्या कागदी मॅटवर त्याचा आराखडा काढला. स्पेक्ट्रमचं उत्पादन थांबलं तेही त्याच वर्षी, म्हणजे दोघांची गाठ पडायची राहिली ती राहिलीच.

आता गाठ घालून द्यायची तर बाइट उलगडणं हा सोपा भाग आहे. तीन बाइटमधले वरचे बिट काढून टाकले की २३५० हा नंबर मिळतो, तोच ‘म’, आणि स्पेक्ट्रमच्या झेड८० प्रोसेसरच्या १६ बिटी रजिस्टर जोडीत तो आरामात बसतो (बहुतेक इमोजी नाही बसत, त्यांचे नंबर ६५,५३५ च्या पुढचे). खरी अडचण चित्रांची. १६ बाय १६ च्या अक्षराला ३२ बाइट लागतात, १६ बिटांत मावणारी सगळी ६५,५३६ घरं भरायची म्हटली तर २ एमबी, आणि मशीनमध्ये रॅम ४८ केबी, त्यातले जवळपास ७ स्क्रीनच खाते. कॅसेटवरून एवढं लोड करायला तीनेक तास लागले असते. आज डिव्हएमएमसीसारख्या स्पेक्ट्रमला जोडायच्या कार्डमुळे एसडी कार्ड लावता येतं, मग लागेल तेवढाच तुकडा आणायचा, देवनागरीची १२८ घरं म्हणजे फक्त ४ केबी.

पण तेवढ्यानं मराठी येत नाही ना! ‘कि’ मध्ये आधी ‘क’ साठवलेला असतो आणि मग वेलांटी, काढायची मात्र उलट क्रमानं, ते प्रोग्रॅमला सांगावं लागतं. युनिफॉन्ट या युनिकोड अक्षरांच्या टिंबाटिंबांच्या फॉन्टमध्ये चित्रं एकेका कोडची सुटी सुटी, म्हणून ‘क्ष’ मागितला तर क, हलंत आणि ष असे वेगवेगळे उभे राहतात. आणि ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यातला फरक तर नीट सांभाळायलाच हवा, समुद्र कुठे आणि डोंगरातल्या खोल जागा कुठे. त्यासाठी युनिकोडमध्ये ऱ हे वेगळं अक्षर, २३५३ नंबरचं, ते हलंत लावून लिहायचं, पण ‘दऱ्या’तल्या त्या आडव्या रफाराचं चित्र हाताशी नसतं, ते आपणच काढायचं. चौकटीच्या कागदावर टिंबं भरायची आणि एकेक ओळ बेसिकमधला ‘बिन’ हा शब्द लिहून शून्य-एकमध्ये टाइप करायची, स्पेक्ट्रमच्या मॅन्युअलमध्ये स्वतःचं अक्षर करायला शिकवलंय अगदी तसंच.