मूड जागेवर आला, मग दुकान का जमत नाही?

बायपोलर हा मनाचा आजार म्हणजे घडीत हसणं, घडीत रडणं नव्हे. उन्माद किंवा उदासी दिवसच्या दिवस, कधी आठवडेच्या आठवडे टिकते. हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. वैताग येतो तो पुढच्या घोळाचा. लक्षणं ओसरली की माणूस कामाला लागलाच पाहिजे, असं घरोघरी धरून चालतात.

पहिल्या उन्मादाच्या किंवा मिश्र (उन्माद आणि उदासी एकत्र) झटक्यासाठी दाखल झालेल्या 166 रुग्णांचा अमेरिकेत पाठपुरावा झाला; निष्कर्ष 2003 मध्ये छापून आले. दोन वर्षांत 98 टक्के जण झटक्यातून बाहेर पडले. कामधंदा आणि राहणं पूर्वीच्या पातळीवर आलेले मात्र 43 टक्केच.

मधे काय अडतं? नागपूरच्या इतवारी बाजारातलं किराण्याचं ठोक दुकान घ्या. मुलगा बरा आहे, झोप लागते, चहावर गप्पा रंगतात. गल्ल्यावर बसला की एक जण तूरडाळीचा भाव विचारतो, दुसरा उधारी मांडायला सांगतो, तेवढ्यात फोन. उधारी लिहायची राहते. रात्री हिशेब जुळत नाही आणि बाप ओरडतो, “आता बरा आहेस नं बे, मग काहून जमत नाही?”

अक्कल शाबूत आहे. बेरीज त्याला बापापेक्षा लवकर येते. कच्चं राहिलंय ते लक्ष टिकवणं, ऐकलेलं ध्यानात ठेवणं, अंगावर आलेल्या कामांचा क्रम लावणं. मूड ठीक असतानाही हे अनेकांत उरतं, सगळ्यांत नाही. उदासीत करावंसंच वाटत नाही. इथे करायचं असतं, धागा सुटतो. दोन्हींना ‘आळस’ म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत.

उरलेली थोडी उदासी, गोळ्यांची गुंगी, मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियम या औषधावर असताना मंदावलेलं थायरॉइड, यांनीही असंच दिसतं. यातलं नेमकं काय, ते डॉक्टरांनी ठरवायचं. ‘गोळ्यांनी डोकं जड झालं’ म्हणून परस्पर औषध बंद करणं हा शुद्ध गाढवपणा. नवा झटका आला की गल्ला आणखी लांब जातो. आणि भिजवलेले बदाम खुशाल खा, पण उपचार म्हणून नको.

त्यापेक्षा आधी सकाळी गोदामातली यादी त्याच्याकडे द्या, एका वेळी एकच काम. उधारी तोंडी नको, तिथल्या तिथे वहीत. मग दुपारच्या मंदीत तासभर गल्ला. दिवाळीच्या गर्दीत यंदा बापानेच बसावं.