भोगव्याला निघालाय? मग आधी एवढं वाचून घ्या

नमस्कार मंडळी, तुम्ही आमच्याकडं भोगव्याचं बुकिंग केलंय म्हणून हे लिहून देतोय, निघायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी एकदा वाचा.

पहिली गोष्ट, भोगवे म्हणजे तारकर्ली नव्हे. सिंधुदुर्गात कर्ली नदी समुद्राला मिळते, तिच्या एका अंगाला देवबाग-तारकर्ली आणि दुसऱ्या अंगाला भोगवे. बनाना राईड, स्कूबा, गर्दी सगळं तिकडं, इकडं लांबच लांब वाळू, माड आणि लोकांच्या घरातल्याच खोल्या. पोरांना राईडच पाहिजे असेल तर आत्ताच सांगा, तारकर्लीत रूम बघून देतो, भोगव्याला जाऊन नाराज होण्यापेक्षा ते बरं.

कोल्हापूरहून रस्ता राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कुडाळ, परुळे असा, थांबत-बिंबत पाच तास धरा. दाजीपूरच्या जंगलात गवे रस्त्यावर येतात त्यामुळं तो पट्टा अंधारात नको, उजाडल्यावरच. रोख पैसे कुडाळलाच काढून ठेवा, पुढं रेंज असेल तर असेल.

आता भरती-ओहोटी, हे नीट वाचा कारण आपल्याकडं पंचगंगेत पोहलेला माणूस समुद्रालाही तसाच समजतो आणि तिथंच चुकतं. घरातल्या कॅलेंडरवर तिथी बघा, तिची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. म्हणजे पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, दशमीला साडेसात. कोकणातले लोक असाच हिशेब करतात, अर्धा-एक तास इकडंतिकडं होतो. पूर्ण भरतीनंतर पाणी उतरायला लागतं, साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी लई वर येतं आणि तेवढंच आत ओढतं. पाणी उतरत असताना आत जायचं नाही, बाकी वेळी कमरेपर्यंतच, आणि नदीच्या मुखाशी तर कधीच नाही, वरनं पाणी शांत दिसतं पण खाली ओढ जबरदस्त असते. गाडी वाळूत घालू नका, टायर रुतला आणि भरती आली की मग कुणाच्या हातात काही राहत नाही.

सकाळी लवकर उठा, रापण लागली असेल तर नशीबच समजा. होडीनं जाळं अर्धगोल टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर गावकरी किनाऱ्यावरनं ओढत आणतात, पाय वाळूत रोवून, अंग मागं टाकून, बराच वेळ चालतं ते. विचारून तुम्हीही दोराला हात लावा. जाळं काठाला आलं की आत बांगडे आणि तारल्या उसळत असतात, सुरमई मिळेलच असं नाही, पण तो बांगडा तासाभरात तव्यावर पडला की विषयच संपला.

जेवण आदल्या दिवशीच सांगावं लागतं, कारण तिथं हॉटेल नाही, घरातल्या काकू मासळी बघून मग काय करायचं ते ठरवतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, त्या दिवसांत पापलेटचा हट्ट नको, कुळथाची पिठी, सुकं आणि फणसाची भाजी खाऊन बघा, आम्हाला तर तेच जास्त आवडतं. शिवाय पावसात समुद्रात उतरायचंच नाही, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा असंच आम्ही सगळ्यांना सांगतो. त्याच दिवसांत त्या किनारपट्टीवर ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला येतात, त्यामुळं वाळूत रात्री टॉर्च, फटाके, स्पीकर अजिबात नको. कासव दिसलं तर लांब थांबा आणि गावातल्यांना कळवा. बाटल्या, वेफर्सची पाकिटं गाडीतच ठेवा, परत आणा.

निघायच्या दोन दिवस आधी आम्हाला फोन करा, माणसं किती, शाकाहारी किती, आणि पोचणार कधी ते सांगा, आम्ही काकूंना कळवतो.