गॅस गिझरचा एक्झॉस्ट पाईप : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गिझर बसवून घेण्यासाठी आम्हाला फोन करणारे बहुतेक ग्राहक आधी लिटरचे विचारतात, मग किमतीचे, आणि मग आजच माणूस पाठवाल का, असे. एक्झॉस्ट पाईपचा, म्हणजे गिझरचा धूर घराबाहेर नेणाऱ्या पाईपचा, विषय आम्हालाच काढावा लागतो, आणि तो काढला की पुष्कळदा ‘बाथरूमला खिडकी आहे ना, मग पाईप कशाला?’ असे उत्तर मिळते. हे पत्रक मुख्यतः त्या प्रश्नासाठी लिहिले आहे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये गिझर कुठे बसवावा, त्याचा धूर कुठून बाहेर काढावा आणि आम्ही काही ठिकाणी काम घेण्यास नकार का देतो, हे ग्राहकाला आधीच माहीत असले तर पुढचे काम दोघांनाही सोपे जाते.

सुरुवात हिशेबाने करू. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण आचेवर तासाला साधारण १ किलो एलपीजी जाळतो. म्हणजे एका माणसाची पंधरा मिनिटांची अंघोळ झाली की सुमारे पाव किलो गॅस जळतो, आणि तेवढा गॅस नीट जळायला जवळजवळ ३ घनमीटर हवा लागते. पाच बाय सात फुटांच्या आणि नऊ फूट उंचीच्या बाथरूममध्ये एकंदर हवा असते ती जेमतेम ९ घनमीटर. दार लावले, थंडी म्हणून खिडकीच्या काचाही मिटल्या, तर एकाच अंघोळीत खोलीतल्या हवेचा तिसरा हिस्सा बर्नरमधून जातो, आणि घरात अंघोळीला एकामागून एक चार माणसे असतात. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरला, की निळी ज्योत पिवळी आणि ढिली होऊ लागते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. एलपीजी गळला तर नाकाला कळते, कारण त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मुद्दाम मिसळलेले असते; गॅस जळून तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साईडला मात्र तसा कोणताही वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होणे, गरगरणे, मळमळणे, पायातले बळ जाणे ही त्याची लक्षणे असून ती पित्ताची किंवा उपाशीपोटी गरम पाणी घेतल्याची समजून सोडून दिली जातात, आणि नेमके पायातले बळ गेल्यामुळे कडी काढायला हात पोचत नाही. म्हणून आम्ही बाथरूमच्या आत गॅस गिझर बसवत नाही. पाईप लावूनही नाही. ज्या घरी जुना गिझर आतच आहे, तिथे तो बाहेर हलवेपर्यंत बादली आधी भरून घ्यावी, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच आत जावे.

बाहेर म्हणजे कुठे, तर पुण्याच्या फ्लॅटमध्ये सहसा ड्राय बाल्कनीत. एका बाजूने मोकळी, स्वयंपाकघराला लागून आणि पाण्याच्या लाइनजवळ असल्यामुळे ही जागा उत्तम असते, पण ती खरोखर मोकळी असेल तरच. गेल्या काही वर्षांत आम्ही पाहिलेल्या ड्राय बाल्कन्यांपैकी पुष्कळशा धुळीसाठी आणि कबुतरांसाठी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावून बंद केलेल्या असतात. तशी बाल्कनी ही खोलीच होते, आणि खोलीचे सगळे नियम तिला लागू होतात. ‘आम्ही खिडकी उघडी ठेवू’ हे आश्वासन आम्ही धरत नाही, कारण डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या खाली गेला की ती खिडकी बंद होणार हे आपणही जाणता.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे डक्ट. जुन्या इमारतींत बाथरूम-संडासांच्या खिडक्या ज्या उभ्या पोकळीत उघडतात, तिच्यात पाईप सोडून देण्याची पद्धत आहे. डक्ट वर आकाशाला खुला, पुरेसा रुंद आणि समोरच्या खिडक्यांपासून दूर असेल, तर त्यात गैर काही नाही. पण वरून पाऊस येतो म्हणून अनेक सोसायट्यांनी त्यावर पत्रा घातलेला असतो, आणि मग तिसऱ्या मजल्याचा धूर चौथ्या मजल्याच्या लूव्हरमधून, म्हणजे खिडकीच्या तिरप्या पट्ट्यांमधून, आत शिरतो. आपला पाईप बिनचूक बसला असूनही त्रास मात्र शेजाऱ्यांना होतो. त्यामुळे डक्टमध्ये पाईप काढायचा असल्यास आमचा माणूस आधी गच्चीवर जाऊन डक्टचे तोंड पाहतो. हे काम टाळण्यासारखे नाही. पाईपचे टोक कोणत्याही खिडकीपासून, एसीच्या बाहेरच्या युनिटपासून आणि सांडपाण्याच्या पीव्हीसी पाईपपासून निदान दोन फूट दूर राहील असे आम्ही पाहतो, कारण त्या टोकातून येणारी हवा पाण्याला उकळी आणणाऱ्या उष्णतेपेक्षाही गरम असू शकते आणि पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते.

त्याच कारणाने एक्झॉस्टसाठी पीव्हीसी पाईप कधीही चालत नाही, मग तो कितीही जाड असो. आम्ही स्टेनलेस स्टीलचा किंवा कंपनीने गिझरसोबत दिलेला ॲल्युमिनियमचा पाईप वापरतो. गिझरच्या वरच्या गळ्याचा जो व्यास, तोच शेवटपर्यंत राहिला पाहिजे. भिंतीतले भोक लहान पडले म्हणून पुढचा तुकडा बारीक घेणे म्हणजे धुराचा गळा आवळणे होय. लवचीक पाईप दाबला, चेपला किंवा सापासारखा वळवला, तरीही तेच होते. वळणे कमीत कमी असावीत, आणि शक्यतो एकच.

उताराची दिशा गिझरच्या प्रकारावर ठरते आणि इथे सर्वांत जास्त चुका होतात. ज्या गिझरला पंखा नसतो, त्याचा धूर केवळ गरम असल्यामुळे वर चढतो. म्हणून त्याचा पाईप गिझरच्या गळ्यापासून आधी निदान दोन फूट सरळ वर जावा, नंतर वळावा आणि भिंतीकडे जातानाही थोडा चढताच राहावा. गळ्यावरच एल्बो (काटकोनातला जोड) लावून पाईप आडवा काढला, तर थंड पाईपमध्ये धूर अडतो आणि खालून परत घरात सांडतो. पंखा असलेल्या गिझरचे उलटे आहे. त्याचा धूर पंखा ढकलतो, त्यामुळे पाईप आडवा चालतो, पण तो बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा, नाहीतर पावसाचे आणि वाफेचे पाणी पंख्यात येते. वाफेचे पाणी म्हणजे थोडेथोडके नव्हे: एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, म्हणजे मघाच्या पंधरा मिनिटांत दोन पेले. उभ्या पाईपचे सांधे जोडताना वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्याच्या आत जाते ते याचसाठी, की ओघळ आतच राहावा आणि सांध्यातून भिंतीवर उतरू नये.

भिंतीतून पाईप काढण्यासाठी आम्ही कोअर कटिंग करतो, म्हणजे यंत्राने गोल भोक पाडतो. बीम आणि कॉलम यांना हात लावत नाही. खिडकीतून काढायचा असल्यास एक काच उतरवून तिथे ॲल्युमिनियमचा किंवा सिमेंटचा पत्रा बसवतो. ॲक्रिलिकच्या पत्र्याला भोक पाडून काढलेले पाईप आम्ही अनेकदा पाहिले आहेत. तो पत्रा तापून वाकतो, फट पडते आणि बाहेर गेलेला धूर त्याच फटीतून आत येतो. पीओपीच्या सीलिंगवर सोडून दिलेला पाईपही आमच्या पाहण्यात आला आहे. खालून सगळे नीट दिसत होते. सीलिंगचा एक चौकोन काढल्यावर कळले की पाईप भिंतीपर्यंत पोचलाच नव्हता.

धूर बाहेर जाण्यासाठी जशी वाट हवी, तशी हवा आत येण्यासाठीही हवी, कारण खोलीत हवा येत नसेल तर पाईपमधून धूर तरी कसा ओढला जाणार? बंद केलेल्या ड्राय बाल्कनीत आम्ही जमिनीलगत कायमची उघडी राहणारी जाळी बसवतो. तिच्या काड्यांची जागा वजा जाता निदान १० बाय १० सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर जमिनीवर, नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीच्या) आसपास साचतो, आणि खालची जाळी त्यालाही बाहेर काढते. सिलिंडरऐवजी पाईपलाइनने येणारा गॅस (पीएनजी) असलेल्या घरी तो मुख्यतः मिथेन असतो, हवेपेक्षा हलका, त्यामुळे तिथे वरही जाळी लागते. एलपीजीचा गिझर पाईपलाइनच्या गॅसवर तसाच जोडू नये. दोन्हींचा दाब आणि जेटचे (बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोटीचे) भोक वेगवेगळे असते, आणि ते बदलण्याचे काम गिझर बनवणाऱ्या कंपनीच्या माणसानेच करायचे असते. नवा गिझर घेताना एलपीजीच्या गिझरवर आयएस १५५५८ आणि रबरी नळीवर आयएस ९५७३ हे मानकाचे आकडे पाहून घ्यावेत.

बसवून झाल्यावरची चाचणी आम्ही ग्राहकासमोर करतो, आणि ती आपण घरीही करू शकता. आधी साबणाच्या पाण्याने सगळे सांधे तपासावेत आणि गळती नाही याची खात्री झाल्यावरच पुढे जावे. मग दारे-खिडक्या बंद कराव्यात, स्वयंपाकघरातली चिमणी आणि घरातले एक्झॉस्ट फॅन पूर्ण वेगावर चालू करावेत, गिझर पाच मिनिटे चालू ठेवावा आणि पेटलेली उदबत्ती गिझरच्या वरच्या गळ्याखालच्या फटीपाशी धरावी. उदबत्तीचा धूर फटीत आत ओढला गेला, तर पाईप काम करतो आहे. धूर तिथेच घुटमळला किंवा आपल्या तोंडावर आला, तर गिझर ताबडतोब बंद करावा. चिमणी चालू करण्याचे कारण असे, की ती स्वयंपाकघरातली हवा जोराने बाहेर फेकते आणि ती भरून काढण्यासाठी घर जिथून मिळेल तिथून हवा ओढते. वाट नसली तर ती गिझरच्या पाईपमधून उलटी ओढली जाते. आमच्या नोंदीत चिमणी बंद असताना उत्तीर्ण आणि चालू करताच नापास झालेली घरे बरीच आहेत. पंखा असलेल्या गिझरला अशी फट नसते. त्याचे सांधे आणि बाहेरचे टोक आम्ही मीटरने तपासतो.

देखभालीचे थोडक्यात. वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीपूर्वी, बर्नर आणि पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवरची काजळी साफ करून घ्यावी, कारण काजळीने पट्ट्यांमधली वाट बुजते. बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या उपनगरांत क्षारही लवकर धरतात. पाईपच्या बाहेरच्या टोकाला जाळीची टोपी असावी. मागे एका घरी ‘गिझर पेटतो आणि मिनिटात विझतो’ अशी तक्रार आली. ग्राहकाने दोनदा सेल बदलले होते. पाईप उतरवला तेव्हा आतून काड्या, केबलचे तुकडे आणि दोन अंडी निघाली. तो गिझर विझत होता हे त्या घराचे नशीबच म्हणायचे.

लोणावळा, महाबळेश्वर येथील बंगल्यांसाठी गॅसच्या फायरप्लेसची विचारणाही आमच्याकडे येते. तिथे धुरांड्याचा नियम अधिकच कडक आहे, कारण गिझर पंधरा मिनिटे चालतो आणि फायरप्लेससमोर माणसे रात्रभर बसतात, कधी तिथेच झोपतात. शोभेच्या, बिनधुरांड्याच्या फायरप्लेसचे काम आम्ही घेत नाही. बाहेरूनच हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारी दुहेरी पाईपची, समोरून काचेने बंद असलेली फायरप्लेस असेल, तर जागा पाहून सांगतो.

कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म घरात जरूर लावावा. हा वायू हवेपेक्षा अगदी किंचित हलका असून तिच्यात सगळीकडे मिसळतो, त्यामुळे अलार्म डोक्याच्या उंचीवर, गिझरपासून थोडा दूर आणि वाफेपासून लांब असावा. गळतीचा एलपीजी अलार्म वेगळा. तो जमिनीजवळ लागतो.

कोणी आत बेशुद्ध सापडल्यास दार मोडावे, श्वास रोखून गॅस बंद करावा, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ला फोन करावा. डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे शब्द न विसरता सांगावेत. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर अशा वेळी ऑक्सिजन ठीक असल्याचे दाखवते आणि फसवते. मोकळ्या हवेत या वायूचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सुमारे दीड तास. म्हणून बरे वाटू लागले तरी रुग्णालयात न्यावेच. नुसत्या एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

आमचा माणूस जागा पाहायला येईल त्या दिवशी गच्चीची आणि डक्टच्या दाराची चावी वॉचमनकडून आणून ठेवावी, कोअर कटिंगसाठी सोसायटीची लेखी परवानगी घेऊन ठेवावी, आणि जुना गिझर असल्यास त्याचा पाईप आधीच काढून टाकू नये. तो कसा बसवला होता हे आम्हाला पाहायचे असते.