येताना २३ दिवस, जाताना ३ महिने

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला हे शाळेत सगळ्यांनी घोकलंय, पण तो परत कसा गेला हे कुणी सांगत नाही आणि खरी मजा (म्हणजे त्याच्यासाठी सजाच) तिथेच आहे.

येताना आफ्रिकेच्या मालिंदीहून इकडे यायला त्याला फक्त २३ दिवस लागले. सुलतानाने वाटाड्या दिला होता आणि एप्रिल-मेमध्ये वाराही आफ्रिकेकडून आपल्याकडे वाहायला लागलेला. उन्हाळ्यात आशियाची जमीन तापते, हवा वर जाते, तिची जागा भरायला समुद्रावरचा वारा आत घुसतो, आपला पाऊस आणतो तोच हा नैऋत्य मोसमी. हिवाळ्यात सगळं उलटं. अरब आणि गुजराती व्यापारी शेकडो वर्षं याच टाइमटेबलवर ये-जा करत होते, पण ह्या साहेबांचं कालिकतच्या सामुतिरीशी, म्हणजे तिथल्या राजाशी, वाजलं आणि ऑगस्टच्या शेवटी त्यांनी शिडं उभारली. मग कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थोडं थांबून ५ ऑक्टोबरला भर समुद्रात. पण तेव्हा जुना वारा मेलेला आणि ईशान्येचा अजून नीट लागलेला नसतो! कधी वारा पडलेला, कधी उलटा, असं करत आफ्रिकेचा किनारा दिसला तो थेट २ जानेवारी १४९९ ला.

एवढे दिवस ताजी भाजी नाही, फळ नाही. बकरी, कुत्रा, मांजर व्हिटॅमिन सी स्वतःच्या शरीरात बनवतात, आपल्याला आणि गिनीपिगला ते जमत नाही. हे व्हिटॅमिन नसेल तर कोलॅजन, म्हणजे कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्या घट्ट धरून ठेवणारं प्रोटीन, धड तयारच होत नाही. म्हणून हिरड्या सुजून दातांवर चढतात, पाय सुजतात, कधीच्या भरलेल्या जखमासुद्धा उकलतात. हाच स्कर्व्ही. ह्या एका टप्प्यात ३० माणसं गेली, आणि प्रत्येक जहाजावर काम करण्याच्या अवस्थेत उरले जेमतेम सात-आठ जण.

मालिंदीला पोचल्यावर गामाने किनाऱ्यावर माणूस पाठवून संत्री मागवली. आजारी खलाशी त्यासाठी आसुसलेले होते, पण बऱ्याच जणांसाठी उशीर झाला होता, ते तिथेच मेले. पुढे तीन जहाजं हाकायला माणसंच पुरेनात, म्हणून साओ राफाएल हे जहाज त्यांनी स्वतःच्या हाताने जाळून टाकलं.