कानाचं यंत्र आणि आवाज वाढवणारी डबी

बाबांसाठी बाजारातून कानाचं यंत्र आणलं, अशी माझी समजूत होती. कानामागे बसणारं, कातडीच्या रंगाचं, आवाज वाढवायला एक बारीकशी चकती. चवथीला आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरी आरती सुरू झाली, घुमटावर, म्हणजे आमच्याकडच्या मातीच्या वाद्यावर, थाप पडली आणि बाबांनी ते ओरबाडून काढलं. ‘‘डोक्यात घण पडतात रे!’’

घुमट त्यांना यंत्राविनाही ऐकू येत होतं. ऐकू येत नव्हते ते शब्द.

गोम इथेच आहे. वयोमानाने कान सगळीकडून सारखा जात नाही. बहुतेकांचे आधी वरच्या पट्टीतले, बारीक आवाज जातात. स, श, फ यांची ओळख त्याच पट्टीत असते. ‘सात’मधला स गळला की उरतं ते ‘आठ’च्या जवळचं. रक्तदाबाची गोळी सातला की आठला, हे बाबा तीनतीनदा का विचारायचे ते मला तेव्हा कळलं. मी आपला त्यांच्यावरच वैतागायचो!

मी आणलेली बाजारातली डबी म्हणजे नुसता अ‍ॅम्प्लिफायर. घुमट, पंखा, मिक्सर, सगळंच वाढवते. अधूनमधून टीव्हीपुरती चालेल, पण आवाज फार चढवला तर उरलेला कानही दुखावतो.

खरं श्रवणयंत्र दिसतं तसंच, महाग मात्र बरंच. आधी कान तपासतात, कारण कधीकधी नुसता मळच साठलेला असतो. मग शांत खोलीत 250 ते 8000 हर्ट्‌झपर्यंतचे सूर ऐकवून दोन्ही कानांचा आलेख काढतात. ज्या पट्टीत जेवढी उणीव, तेवढीच तिथे भर. मोठा आवाज आला की यंत्र स्वतःच आवरतं घेतं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, कान-नाक-घसा विभाग आहे, सुरुवात तिथून करता येते.

आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाचं मात्र दोघांनाही वावडं. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. हवा लागली की चालू होणारा झिंक-एअर सेल असेल तर चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मगच बसवायचा. खरं यंत्रही पहिल्याच दिवशी गोड लागत नाही, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे जातात.

बाबांनी खरं श्रवणयंत्र लावून सकाळी पेपर उघडला आणि दचकून माझ्याकडे बघितलं.

‘‘कागद बदलला काय रे यांनी? केवढा वाजतो!’’