वचनदत्त देश : ख्रिस्ती अन्वयार्थ

अब्राहाम आणि त्याच्या वंशजांना कनान देश देण्याचे वचन परमेश्वराने दिले, असे बायबल सांगते. त्या वचनाचा ख्रिस्ती मंडळीने वेळोवेळी लावलेला अर्थ हा या नोंदीचा विषय आहे. वचन कोणाला मिळाले हा प्रश्न यहुदी परंपरेला पडत नाही. ते इस्राएलला मिळाले. ख्रिस्ती माणूस मात्र तोच ग्रंथ जुना करार म्हणून वाचतो आणि येशूच्या आगमनानंतर वाचतो. त्यामुळे त्याच्यापुढे दोन प्रश्न येतात : या वचनाचा वारस आता कोण, आणि त्या वारशात नेमके काय मिळायचे? एकोणीस शतकांतले जवळपास सगळे वाद या दोन प्रश्नांत सामावतात. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यापासून हा वाद धर्मशास्त्राच्या वर्गापुरता राहिलेला नाही. खऱ्याखुऱ्या माणसांची घरे, शेते आणि गावी परतण्याचा हक्क त्यात गुंतलेला आहे.

मूळ वचने

उत्पत्तीच्या पुस्तकात हे वचन पुन्हा पुन्हा येते. बाराव्या अध्यायात ते अगदी थोडक्यात आहे. तेराव्यात अब्राहामाला चारही दिशांना नजर टाकायला सांगितले जाते. पंधराव्यात हद्द येते, मिसरच्या नदीपासून फरात महानदीपर्यंत, आणि कराराचा विधीही येतो. कापून समोरासमोर मांडलेल्या पशूंच्या मधून परमेश्वराचे प्रतीक असलेली धुमसती भट्टी आणि पेटती मशाल जाते. अब्राहाम स्वतः जात नाही, तो गाढ झोपेत आहे. करार पाळण्याची जबाबदारी इथे एकाच पक्षाने घेतली, म्हणून वचन बिनशर्त आहे असे मानणाऱ्यांचा सर्वांत भक्कम आधार हाच अध्याय. सतराव्यात हे वतन कायमचे असल्याचे म्हटले आहे.

लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांचा सूर वेगळा आहे. आज्ञा मोडल्या तर हा देश तुम्हालाही ओकून टाकील, तुम्ही राष्ट्राराष्ट्रांत विखुरले जाल, असा इशारा तिथे आहे. अनुवादाच्या तिसाव्या अध्यायात पश्चात्तापानंतर परत आणण्याचे आश्वासनही आहे. म्हणजे देणगी बिनशर्त, पण तिथला मुक्काम वागणुकीवर अवलंबून, असे दुहेरी चित्र उभे राहते. लेवीय २५:२३ तर त्याहून पुढे जाते : जमीन कायमची विकायची नाही, कारण ती परमेश्वराची आहे आणि तुम्ही त्याच्याकडे उपरी व पाहुणे आहात. मालक परमेश्वर आणि इस्राएल त्याचे कूळ, असाच हा संबंध आहे. वादात दोन्ही बाजूंकडून सर्वांत कमी उद्धृत होणारे आणि सर्वांत जास्त विचारात घ्यावे असे वचन हेच आहे. ज्याला अख्ख्या देशाचे वचन मिळाले त्या अब्राहामाला सारेच्या दफनासाठी हेब्रोनजवळची मकपेला गुहा चारशे शेकेल चांदी मोजून विकत घ्यावी लागली, हेही उत्पत्तीच्याच तेविसाव्या अध्यायात नोंदले आहे.

वचन एकदा पुरे झाले का, हा त्यापुढचा पेच. यहोशवाच्या एकविसाव्या अध्यायात परमेश्वराने सांगितलेली एकही गोष्ट व्यर्थ गेली नाही असे म्हटले आहे. त्यावरून काही भाष्यकार हे वचन पूर्ण होऊन संपले असे मानतात. पण आमोस, यिर्मया आणि यहेज्केल हे संदेष्टे त्यानंतर कित्येक शतकांनी पुन्हा देशात रुजवले जाण्याची भाषा करतात. इ. स. पू. ५३८च्या सुमारास बाबेलमधून जे परतले त्यांच्यातच हे सगळे पुरे झाले, असे म्हणणे ओढूनताणून वाटते. त्या परतीनंतरही नहेम्याच्या पुस्तकातले लोक, आम्ही आमच्याच देशात दास आहोत, असा आक्रोश करतात.

नव्या करारातले वळण

नव्या करारात देशाच्या वचनाचा थेट उल्लेख फार थोडा आहे, आणि जिथे आहे तिथे त्याचा पैस बदललेला दिसतो. पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (४:१३) अब्राहामाला जगाचा वारस म्हणतो. कनानच्या हद्दीत तो थांबत नाही. गलतीकरांस पत्रात तो वचनातले ‘संतान’ एकवचनी असल्यावर बोट ठेवतो, ते संतान म्हणजे ख्रिस्त असे सांगतो आणि ख्रिस्ताचे जे आहेत ते सगळेच अब्राहामाचे वारस ठरवतो. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात तर अब्राहाम वचनदत्त देशातही तंबूत राहणारा परदेशी आहे आणि त्याची ओढ स्वर्गीय देशाकडे आहे. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन आपल्या शेवटच्या भाषणात देवाने अब्राहामाला तिथे पाऊलभर जमीनही दिली नाही याची आठवण देतो. डोंगरावरच्या प्रवचनात सौम्य लोकांना मिळणारे वतन हे ३७व्या स्तोत्रातून आलेले आहे.

एवढ्यावर थांबले तर उत्तर सोपे आहे : देश आता आध्यात्मिक झाला. पण रोमकरांस पत्राचे ९ ते ११ हे अध्याय तसे थांबू देत नाहीत. ज्यांनी येशूला मसीहा मानले नाही त्या इस्राएलविषयीच पौल तिथे बोलतो, आणि देवाची कृपादाने व पाचारण मागे घेतली जात नाहीत असे ठामपणे सांगतो. त्या कृपादानांत देश येतो का? नवव्या अध्यायातल्या त्याच्या यादीत करार आहेत, वचने आहेत, देशाचे नाव नाही. मौन म्हणजे नकार, असे एक बाजू म्हणते. वचने म्हटल्यावर देश त्यात आलाच, असे दुसरी. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आरंभी शिष्य विचारतात, प्रभो, याच वेळी इस्राएलला राज्य परत देणार का? येशू काळवेळ सांगायला नकार देतो. पण प्रश्नच चुकीचा आहे असेही म्हणत नाही.

आद्य मंडळी ते धर्मसुधारणा

रोमन सत्तेविरुद्धचे बार कोखबा या यहुदी नेत्याचे बंड मोडल्यावर इ. स. १३५ नंतर रोमनांनी यरुशलेमेत यहुद्यांना मज्जाव केला. ख्रिस्ती लेखकांनी हा पराभव धर्मशास्त्रीय पुरावा म्हणून वापरला, आणि इथेच एका दीर्घ अन्यायाचे मूळ आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यात ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर यहुदी त्रिफोशी केलेल्या संवादात यरुशलेम पुन्हा बांधले जाईल आणि तिथे ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य येईल असे मानतो. मात्र खरे इस्राएल आता ख्रिस्ती आहेत, म्हणून वारसही तेच. आयरेनियसही पुनरुत्थित नीतिमानांना प्रत्यक्ष भूमीच मिळेल असे म्हणतो. सुरुवातीचे लेखक देशाला सरसकट रूपक मानत होते हा समज म्हणूनच खरा नाही. त्यांनी जमीन जमिनीच्याच अर्थाने ठेवली, वारस बदलला. रूपकाची वाट तिसऱ्या शतकात ओरिगेनने रुंद केली.

बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमचे उदाहरण विशेष बोलके आहे. तो बेथलेहेमात राहत होता, ती भूमी रोज डोळ्यांनी पाहत होता. ४१४च्या सुमारास दार्दानसला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की दान ते बैर-शेबा हे अंतर जेमतेम १६० मैल आहे. एवढ्याशा पट्ट्यासाठी एवढी थोर वचने असणार नाहीत, तेव्हा ती स्वर्गीय देशाचीच आहेत. ऑगस्टिनने आधी मानलेले पृथ्वीवरचे सहस्र वर्षांचे राज्य पुढे सोडून दिले आणि ते मंडळीच्या चालू काळाला लावले. यहुद्यांना मारू नका, पण ते विखुरलेले राहणे हीच ख्रिस्ती सत्याची साक्ष आहे, असे त्याने ५९व्या स्तोत्राच्या आधारे मांडले. यहुद्यांची जागा मंडळीने घेतली या शिकवणीला आज प्रतिस्थापनवाद म्हणतात. युरोपात हजारभर वर्षे तीच चालली. मार्टिन लूथरने १५३८ साली लिहिले की बाबेलचा बंदिवास सत्तर वर्षांचा होता आणि आताचा पंधराशे वर्षांचा झाला, म्हणजे तो करार संपला. दुसऱ्याच्या दुःखाची लांबी मोजून देवाचा निकाल ठरवण्याची ही रीत ख्रिस्ती इतिहासातली सर्वांत लाजिरवाणी आहे.

पुनरागमनाची अपेक्षा

या विचाराला तडा पहिल्यांदा इंग्लंडात गेला. बायबल लोकभाषेत आले, प्युरिटन लोक संदेष्ट्यांची पुस्तके अक्षरशः वाचू लागले. १६२१ साली कायदेपंडित हेन्री फिंच याने यहुदी आपल्या देशात परततील असे लिहिले. सगळे राजे परतलेल्या यहुद्यांच्या राज्यापुढे नमतील हे त्याचे म्हणणे इंग्लंडचा राजा पहिल्या जेम्सला खपले नाही आणि फिंचला तुरुंग पाहावा लागला. पुढे एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) याने युगव्यवस्थावाद मांडला. देवाच्या प्रजा दोन : इस्राएल पृथ्वीवरची, मंडळी स्वर्गातली. इस्राएलला दिलेली वचने इस्राएललाच, जशीच्या तशी, मिळायची. १९०९च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटीपांतून हा विचार अमेरिकेत घरोघरी पोचला.

राजकारणातही तो लवकर उतरला. लॉर्ड शाफ्ट्सबरीने १८४० साली परराष्ट्रमंत्री पामर्स्टनपुढे यहुद्यांच्या पुनर्वसनाचा विषय मांडला. १८९१ साली विल्यम ब्लॅकस्टोनने ४१३ नामांकितांच्या सह्यांचे निवेदन अमेरिकेच्या अध्यक्षांना दिले. विल्यम हेक्लर या धर्मगुरूचा जन्म १८४५ साली वाराणसीत एका मिशनरी घरात झाला. १८९६ साली व्हिएन्नात तो यहुदी राष्ट्राची चळवळ (झायोनवाद) उभारणाऱ्या थिओडोर हर्झलला भेटला आणि त्याला जर्मन राजदरबारापर्यंत पोचवले. उलट पोप दहावे पायस यांनी १९०४ साली हर्झलला साफ नकार दिला : यहुद्यांनी आमच्या प्रभूला ओळखले नाही, म्हणून आम्ही यहुदी लोकांना ओळखू शकत नाही.

एकोणिसाव्या शतकातच कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजापर्यंत हा ग्रंथ मिशनऱ्यांमार्फत मराठीत पोचला. १८२९ साली मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. अमेरिकन मिशनच्या शाळांतही त्यांची मुले शिकली. धर्मांतर करणारे अगदी थोडे निघाले. जुन्या कराराच्या वाचनाने त्यांचे यहुदीपणच अधिक घट्ट झाले, आणि १९४८ नंतर या समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले.

यहुद्यांच्या परतीला बायबलचा आधार देणाऱ्या ख्रिस्ती झायोनवादाच्या या धारेविषयी एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. तिच्यातल्या अनेकांना यहुदी माणसापेक्षा भविष्यकथनातला यहुदी अधिक प्रिय होता. तो परतेल, मग मोठे संकट येईल, मग तो ख्रिस्ताला शरण जाईल, अशी ती रूपरेषा. १९६७च्या युद्धात इस्राएलने पूर्व यरुशलेम घेतल्यावर या अपेक्षेला अमेरिकेत मोठा जोर आला. १९८० साली यरुशलेमेत आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती दूतावास ही संस्था उभी राहिली, २००६ साली जॉन हेगी यांनी अमेरिकेत इस्राएल-समर्थक ख्रिस्ती संघटना स्थापली.

नाझी संहारानंतर

साठ लाख यहुद्यांच्या हत्येनंतर युरोपच्या मंडळ्यांना आपली शिकवण तपासावी लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेत यहुदी देवाने टाकलेले वा शापित नाहीत असे जाहीर केले. देशाविषयी तिच्यात काही नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८० साली माइन्झ येथे जुना करार देवाने कधीही रद्द केला नाही असे म्हटले. त्याच वर्षी जर्मनीतल्या ऱ्हाइनलँड प्रॉटेस्टंट धर्मसभेने यहुद्यांचे देशात परतणे आणि इस्राएल राष्ट्राची स्थापना ही देवाच्या विश्वासूपणाची चिन्हे मानली. व्हॅटिकनने एवढे पुढे जाण्याचे टाळले. यहुद्यांचे त्या भूमीशी असलेले धार्मिक नाते ख्रिस्ती लोकांनी समजून घ्यावे, पण राष्ट्राच्या अस्तित्वाकडे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तत्त्वांनी पाहावे, असे १९८५च्या मार्गदर्शक टिपणात म्हटले आहे. १९९३च्या अखेरीस व्हॅटिकन व इस्राएल यांच्यात करार झाला, २०१५ साली पॅलेस्टाइन राष्ट्राशीही झाला. करार रद्द झालेला नाही, पण त्यातून कोणत्याही सरकारची सीमारेषा निघत नाही, ही भूमिका धर्मशास्त्रात सर्वांत टिकाऊ ठरते.

पॅलेस्टिनी ख्रिस्ती वाचन

ज्यांचे पूर्वज त्या भूमीत शतकानुशतके येशूची उपासना करत आले, त्या अरब ख्रिस्ती लोकांचे म्हणणे पश्चिमेकडच्या ग्रंथांत फार उशिरा आले. अँग्लिकन धर्मगुरू नईम अतीक १९४८ साली अकरा वर्षांचे असताना त्यांच्या कुटुंबाला बेसान गाव सोडावे लागले. निर्गमाची कथा जगभरच्या दलितपीडितांना मुक्तीची वाटते. त्या कथेचा शेवट कनानी लोकांच्या भूमीत होतो हे विस्थापिताला विसरता येत नाही, हे त्यांनी दाखवले. १९८९च्या आपल्या ग्रंथात त्यांनी नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा पुढे ठेवली : राजाने बळकावलेले शेत आणि त्याला एलीयाने विचारलेला जाब. डिसेंबर २००९मध्ये विविध पंथांच्या पॅलेस्टिनी ख्रिस्ती नेत्यांनी ‘कैरोस पॅलेस्टाइन’ हे निवेदन काढले. या भूमीचे कार्य सगळ्या मानवजातीसाठी आहे, आणि लष्करी ताबा हे देवाविरुद्ध व माणसाविरुद्ध पाप आहे, असे ते सांगते. टीकाकारांच्या मते त्यात यहुद्यांच्या वेगळ्या नात्याला पुरेशी जागा उरत नाही आणि जुना प्रतिस्थापनवाद मागच्या दाराने येतो. ही टीका पूर्णपणे बाजूला सारता येत नाही. पण घर गमावलेल्याला वचनाचा अर्थ विचारण्याचा अधिकार आहे हे तिने नाकारता कामा नये.

अमेरिकन भाष्यकार वॉल्टर ब्रूगमन यांनी १९७७ साली भूमी हा बायबलचा मध्यवर्ती विषय असल्याचे मांडले, आणि पुढे त्या वचनांचा आजच्या राज्यसत्तेच्या समर्थनासाठी थेट वापर करण्याला विरोध केला. दुसरीकडे जेराल्ड मॅकडर्मट आदी अभ्यासकांनी २०१६ साली युगव्यवस्थावाद बाजूला ठेवूनही यहुदी लोक आणि ती भूमी यांचे नाते टिकून आहे असा नवा पक्ष मांडला. यहेज्केलाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात देशाची वाटणी करताना परक्यांनाही इस्राएलच्या वंशांबरोबर वाटा द्यायला सांगितला आहे.

जानेवारी २०१६मध्ये येशूला मसीहा मानणारे इस्राएली यहुदी आणि पॅलेस्टिनी इव्हँजेलिकल सायप्रसमधल्या लार्नाका येथे एकत्र आले. त्यांनी काढलेल्या निवेदनात एकमेकांशी कसे वागायचे याविषयी सहमती आहे. देशाच्या वचनाविषयी दोन्ही मते वेगवेगळी नोंदवून मतभेद उघडा ठेवला आहे.